खांबाचा पुतळा

खांबाला आयुष्यात धक्के म्हणावेत असे फारसे बसले नव्हते. नोकरीच तशी होती. निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या सस्तन प्राण्यांच्या दालनात पहारेकरी म्हणून उभं राहायचं, आणि तिथले रहिवासी सगळे पेंढा भरलेले. अस्वल कुणावर धावून जात नाही, रानरेडा शिंग उगारत नाही, वटवाघळं काचेमागे आपापल्या तारेला मुकाट लटकलेली असतात. अशा संगतीत माणसाच्या छातीत धडधड व्हावी तरी कशाने? पण त्याच्या वाट्याचे धक्के कुणीतरी बाजूला काढून ठेवले होते म्हणायचे. नव्या दालनाचं उद्‌घाटन झालं त्या सकाळी ते एकामागून एक बसले, आणि तेही सगळ्या नातेवाइकांच्या देखत.

खांब हे काही त्याचं खरं नाव नव्हे. नोकरीला लागला त्याच वर्षी कुणा कारकुनाने ते त्याला चिकटवलं, ते कायमचं. दालनात दगडी खांबांची रांग होती आणि त्या रांगेत हा उभा राहिला की मोजणाऱ्याचा हिशेब चुकायचा. उंच, ताठ, हात पाठीमागे, नजर समोर. बोलणं एकच: "हात लावू नका." हे इतक्या वर्षांत इतक्या वेळा बोलून झालं होतं की घरी कुणा पाहुण्याच्या मुलाने कपाटाकडे हात नेला तर खांब वर्तमानपत्रातून डोकं न काढता तेच म्हणायचा. "लग्न झाल्यावर पहिल्या दिवशी मलासुद्धा हेच म्हणाले होते," असं त्याची बायको चारचौघांत सांगायची. ते साफ खोटं होतं, पण ऐकणाऱ्यांना कधी शंका आली नाही, यातच काय ते आलं. अंगचटीला आलेलं त्याला खपायचं नाही. पाठीवर थाप मारणाऱ्या मित्रांनी थाप मारणं कधीच सोडलं होतं, आणि न्हावीसुद्धा त्याची हनुवटी दोन बोटांनी, परवानगी काढल्यासारखी धरायचा.

खांबाची आई त्याच्याकडेच राहायची. शरीराने वाळून गेलेली, जिभेने ठणठणीत. डोळे मात्र गेले होते, आणि तेही आजचे नव्हेत. खांब ऐन तिशीत असताना तिच्या डोळ्यांत काचबिंदू वाढला, उपचाराला उशीर झाला आणि बघता बघता सगळं अंधारलं. त्याआधी ती शिवणकाम करायची. अर्ध्या गल्लीच्या अंगावर तिच्या हातचे कपडे असायचे. त्यामुळे काम म्हणजे काय, याबद्दल तिची मतं ठाम होती. जे शिवता येतं, उसवता येतं, हातात धरून उलटंसुलटं करून बघता येतं, ते काम.

"तू तिथे नक्की करतोस तरी काय?" ती अधूनमधून विचारायची.

"उभा राहतो."

"उभा तर रस्त्यावरचा दिव्याचा खांबही राहतो. त्याला कुणी पगारी सुट्टी देतं का?"

तिच्या मनात वाईट नसायचं. पण आईला हातात धरता येईल असं आपण आयुष्यात काहीच केलं नाही, हे खांबाला आतून खात असायचं. निवृत्ती जवळ आली तसं जास्तच खायला लागलं. आणि नेमक्या अशा वेळी ती साच्यावाली संग्रहालयात आली.

संग्रहालयाच्या मागच्या अंगाला नवीन दालन बांधायला काढलं होतं. प्लॅस्टिकच्या पडद्यांमागे ड्रिल किंचाळायचे, माणसं लाकडी खोकी घेऊन ये-जा करायची, आणि जुन्या कर्मचाऱ्यांना आत जायला मनाई होती. साच्यावाली म्हणजे त्या दालनासाठी पुतळे आणि प्रतिकृती घडवणारी एक तरुण बाई, कायम प्लास्टरने पांढरी झालेली. एके दिवशी ती अस्वलाची मापं घ्यायला आली, आणि अस्वल सोडून खांबाकडेच बघत बसली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, मग म्हणाली, "काका, तुमच्या चेहऱ्याचा साचा घेऊ द्याल का? नवीन दालनासाठी. अगदी दर्शनी भागात ठेवायचाय."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. संग्रहालयाच्या मुख्य जिन्यात पुतळे होते. पहिला संस्थापकांचा, संगमरवरी. दुसरा पहिल्या संचालकांचा, ब्राँझचा. आणि तिसरा, थोडा खाली, कोपऱ्यात, प्लास्टरचा का होईना पण होता, तो एका साध्या कामगाराचा. जन्मभर सांगाडे जुळवणाऱ्या त्या माणसाचा पुतळा बसवून संग्रहालयाने एक पायंडा पाडून ठेवला होता, आणि त्या जिन्यावरून रोज चढ-उतार करणाऱ्या प्रत्येक शिपायाच्या, पहारेकऱ्याच्या, माळ्याच्या मनात कधी ना कधी तो विचार चमकून गेलेला असायचा. बाहेरच्या कुणाला साचा म्हटल्यावर पुतळा सुचला नसता. इथल्या माणसाला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

खांबाने काही विचारलं नाही. स्वतःच्या पुतळ्याची चौकशी स्वतःच करायची, हे काही शोभत नाही. साच्यावालीला वाटलं संचालकांनी याला सगळं सांगितलं असेल. संचालकांना वाटलं साच्यावालीने सांगितलं असेल. खांबाला वाटलं, सांगायचं राहिलंय काय?

साचा घेण्याचा प्रकार मोठा कठीण होता. चेहऱ्यावर तेल, त्यावर गार लगदा, नाकपुड्यांत श्वासासाठी नळ्या. साच्यावालीची बोटं कपाळावरून, भुवयांवरून, गालांवरून फिरत होती आणि खांब खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. आयुष्यात एवढा कुणी त्याच्या चेहऱ्याला हात लावला नव्हता. मधेच ती म्हणाली, "काय हाडं आहेत हो काका तुमची. असा चेहरा आता बघायला मिळत नाही." नाकात नळ्या असल्यामुळे खांबाला उत्तर देता आलं नाही, पण अंगावर मूठभर मांस चढलं. हे वाक्य त्याने घरी जसंच्या तसं सांगितलं. बायकोने बहिणीला सांगितलं, बहिणीने नवऱ्याला, म्हणजे खांबाच्या साडूला. साडूचं पंख्यांचं दुकान होतं आणि जीभ त्याच्या पंख्यांपेक्षा जोरात फिरायची. आठवड्याभरात निम्म्या गावाला कळलं की आमच्या साडूभाऊंचा पुतळा बसतोय.

आईला मात्र खांबाने स्वतः सांगितलं. ती खिडकीपाशी बसली होती. ऐकून तिने तोंड त्याच्याकडे वळवलं.

"त्याला हात लावता येईल का?" तिने विचारलं.

खांब क्षणभर अडखळला. मग त्याला आठवलं की नवीन दालन त्या जातीचं आहे म्हणे. "येईल," तो म्हणाला.

"मग मी येते," आई म्हणाली. डोळे गेल्यापासून दवाखाना सोडून ती कुठेही गेलेली नव्हती. तिने ट्रंकेतली चांगली शाल काढायला लावली, उद्‌घाटनाच्या कितीतरी दिवस आधी. आणि शेजारणींना सांगून टाकलं की मुलाने काय केलं ते आता मी हाताने बघणार आहे. खांबाला त्या दिवशी जे वाटलं ते असं: पुतळा कुणी बघो न बघो, आईच्या हाताखाली तो एकदा गेला की आपण सुटलो.

त्या सकाळी खांब गणवेशाऐवजी कोट घालून संग्रहालयात शिरला. सोबत आई, बायको, मेहुणी आणि साडू. नव्या दालनाचं दार उघडलं आणि पहिला धक्का तिथेच बसला. समोर मोठ्या अक्षरांत पाटी होती: 'कृपया हात लावा.'

हे त्याने ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. मुलं देवमाशाच्या फासळ्यांवर चढली होती. एका टेबलावर वाळूत पाणी सोडून नद्या वळवणं चाललं होतं आणि दोन मुलींनी मिळून एक अख्खा डोंगर वाहून नेला होता. थरथरणाऱ्या फळीवर उभं राहून लोक भूकंप अनुभवत होते, आणि वर हसत होते. खणांतून किडे बाहेर, कातड्यांचे तुकडे हातोहात, कुठे हरणाचं शिंग डोक्यावर धरून फोटो. एका मुलाने कासवाची पाठ चाटली. खांबाच्या ओठांवर ते तीन शब्द आले, पण आवाज फुटला नाही. आपल्या घरात दरोडा पडलाय आणि दरोडेखोरांना सरबत दिलं जातंय, तसं त्याला वाटलं.

"काय चाललंय रे?" आईने विचारलं.

"हात लावतायत," खांब म्हणाला.

"मग त्यासाठीच आलोय ना आपण?"

दालनाच्या मध्यभागी पडद्याने झाकलेलं काहीतरी उंचवट्यावर होतं. पाहुण्यांची भाषणं झाली. साडूने कोपराने ढोसलं, "साडूभाऊ, कॉलर नीट करा, आता तुम्हाला वर बोलावतील." खांबाने कॉलर नीट केली. संचालकांनी दोरी ओढली आणि पडदा खाली आला.

शेकोटीच्या लाल दिव्यापाशी एक आदिमानव उकिडवा बसला होता. अंगभर केस, खांद्यावर कातडं, एका हातात धारदार दगड, दुसरा हात पुढे केलेला. कपाळ पुढे आलेलं, नाक फेंदारलेलं. आणि त्या कपाळाखाली, त्या नाकाच्या दोन्ही बाजूंना, खांबाचा चेहरा होता. ओळखीचा वगैरे नव्हे, तोच. पापण्यांच्या पिशव्या त्याच्या, गालांचे खड्डे त्याचे, तोंडाच्या कडेच्या घड्या त्याच्या. बाजूला पाटी: 'हे आपले पूर्वज. यांच्याशी हात मिळवा.'

संचालकांनी पुढे होऊन हात मिळवला. आत कुठेतरी मोटर घरघरली, आदिमानवाने मान वर केली, डोळे मिचकावले आणि दात दाखवून गुरगुरला.

दालनभर हशा पिकला.

खांबाच्या पायाखालची जमीन सरकली. तीही भूकंपाच्या फळीवर नसताना. कानांत दडे बसल्यासारखं झालं आणि त्या दड्यांतून एकच गोष्ट स्पष्ट ऐकू आली, ती म्हणजे साडूचं हसू. ते सुरू झालं, मग त्याने ते दाबलं, मग ते नाकातून आलं. मेहुणी छताकडे बघत होती. बायकोने खांबाचा दंड घट्ट पकडला आणि त्याने तो सोडवून घेतला नाही, एवढ्यावरून त्याची अवस्था समजावी.

"का हसतायत?" आईने विचारलं.

"लोकांना आनंद झालाय, आई," बायको म्हणाली.

"पडदा काढला का?"

"काढला."

"मग मला जवळ घेऊन चला."

"गर्दी फार आहे. जरा थांबा."

तेवढ्यात साच्यावाली आली, चेहरा खुललेला. "काका, बघितलात? कसा जमलाय?" खांबाने तिच्याकडे नुसतं बघितलं. तिचा चेहरा उतरत गेला. "तुम्हाला सांगितलं नव्हतं कुणी?" ती म्हणाली. "मला वाटलं, संचालकांनी…" तिने संचालकांकडे बघितलं. संचालक म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही…" आणि त्यांना अचानक दुसऱ्या टोकाला कुणीतरी बोलावतंय असं दिसलं. साच्यावाली तशी मनाने चांगली होती. तिला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. "कपाळ आणि नाक मी बदललं, काका," ती म्हणाली, "पण बाकी काहीच बदललं नाही. बदलावंसं वाटलं नाही मला." तिच्या दृष्टीने ही फार मोठी स्तुती होती. खांबाला ती स्तुती गिळवेना.

मुलांची रांग लागली होती. प्रत्येक जण हात मिळवायचा, मान वर व्हायची, गुरगुर व्हायची. एका मुलाने दाढी ओढली. एका मुलीने नाकात बोट घातलं आणि खांबाचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडे गेला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला आज नीट समजलं. आणि त्या सगळ्यात आई शालीची टोकं सारखी करत, समोर कुठेतरी तोंड करून, आपली पाळी येण्याची वाट बघत उभी होती.

बायको डोकेबाज होती. तिने खांबाला बाजूला ओढलं. "जिन्यात चला," ती हळूच म्हणाली.

"कशाला?"

"संस्थापकांचा पुतळा आहे ना. आईंना काय कळणार आहे? नाक-डोळे कान सगळं आहे त्यालाही. हात फिरवतील, समाधान होईल, घरी जाऊ."

"अगं, पण त्याला हात लावायचा नसतो." हे बोलल्यावर खांबाला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. एवढं सगळं होऊनही नियम तेवढा शाबूत होता.

"मग काय, त्या माकडापाशी नेता आईंना?"

मंडळी जिन्यात आली. इथे शुकशुकाट होता, सगळे नव्या दालनात. संस्थापकांच्या पुतळ्यापुढे मखमली दोर लावलेला होता. असे दोर ज्याने जन्मभर राखले, त्यानेच तो आकड्यातून काढला. आईला पुतळ्यासमोर उभं केलं आणि बायको म्हणाली, "हा बघा, आई."

आईने दोन्ही हात वर केले. बोटं आधी संगमरवराच्या हनुवटीला लागली, थबकली, मग हळूहळू वर चढली. शिवणाऱ्या बाईची बोटं ती. कापडाचा पोत बघावा तशी प्रत्येक ठिकाणी थोडी थांबत होती. आता ओळखणार, आता म्हणणार हा कोण भलता, असं सगळ्यांना वाटत होतं. संस्थापक ऐन उमेदीत होते तेव्हाचा पुतळा होता तो. गुळगुळीत कपाळ, भरलेले गाल, दाट केसांचे दगडी वळसे. खांबाशी त्याचं काडीचंही साम्य नव्हतं.

"हं," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला. "हा तूच."

कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला.

"अगदी तसाच आहेस. गाल बघ. हे गाल माझ्या वडिलांचे." तिने ते दगडी गाल दोन्ही तळव्यांत धरले. "केस पण छान केलेत. आणि थंडगार आहे की. दगड दिसतो. हा टिकेल." मग ती सुनेकडे वळली. "जेवायला नीट घालतेस हो याला. मी उगाच तुला बोलत असते."

बायकोने तोंडावर रुमाल धरला. हसू की रडू, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आता विचारू दे कुणी, मुलाने काय केलं म्हणून," आई म्हणाली. "मी सांगेन त्यांना."

म्हणजे काम फत्ते झालं होतं. खांबाला हवं होतं ते अगदी असंच, शब्दशः हेच, त्याला मिळालं होतं. साडूने मागून खूण केली की आता सटका, चहा घेऊ. आणि खांब मात्र जिन्यात खिळल्यासारखा उभा होता. आदिमानव बघून बसला नव्हता एवढा धक्का त्याला आत्ता बसला होता. आई आपल्यासमोर रोज जेवायला बसते, रोज आपल्याला कोट घाल, ऊन लागेल, लवकर ये म्हणून सांगते, आणि हे सगळं ती या गुबगुबीत गालांच्या जवान माणसाला सांगते. तिच्या लेखी आपण त्या घरात राहतच नाही. ती कुणा भलत्यालाच जेवू घालते. त्याला त्या संगमरवरी माणसाचा हेवा वाटला. आणि जरा वेळाने लाजही वाटली, कारण या फसवणुकीत दोर त्यानेच काढला होता.

"आई," तो म्हणाला, "तो मी नाही."

"अहो," बायको दबक्या आवाजात म्हणाली.

"तो मी नाही. हे संस्थापक आहेत इथले. तुला उगाच इथे आणलं. माझा आहे तो आत आहे."

आईचे हात गालांवरून खाली आले. "मग हा कोण?"

"सांगितलं ना, संस्थापक. चल."

त्याने आईचा हात धरला आणि तिला परत नव्या दालनात नेलं. साडू मागून म्हणत होता, अहो कशाला, झालं ना सगळं छान. खांबाने मागे वळून बघितलं नाही. रांगेतल्या मुलांना तो म्हणाला, "जरा थांबा रे." आवाज जुन्या सवयीचा होता. मुलं थांबली. साच्यावाली भिंतीपाशी उभी होती, तिने पुढे येऊन मोटरचं बटण बंद केलं.

"आई, हा पुतळा नाही," खांब म्हणाला. "हा आदिमानव केलाय. गुहेत राहायचा तो. त्याला माझा चेहरा लावलाय. म्हणून मघाशी लोक हसत होते. आता बघ." आणि तिचा उजवा हात उचलून त्याने त्या चेहऱ्यावर ठेवला.

आईची बोटं आधी दाढीत शिरली. "केस काय हे, अस्वलासारखे," ती म्हणाली. रांगेतलं एक पोर फिदकन हसलं. मग बोटं वर आली आणि गालांवर पोचली. तिथे ती थांबली. खड्ड्यात उतरली, पुन्हा वर आली. तोंडाच्या कडेच्या घडीवरून खाली गेली, जबड्याच्या लोंबत्या कातडीला लागली, एका बाजूच्या गेलेल्या दातांची पोकळी बाहेरूनच तिला कळली. डोळ्यांखालच्या पिशव्या. कानशिलावरचा सैलपणा.

"हा कुणीतरी म्हातारा आहे," ती म्हणाली.

"मी आहे, आई."

"नाही रे. म्हातारा आहे हा. चांगलाच म्हातारा आहे."

खांब तिच्यासमोर वाकला. एवढ्या उंच माणसाला बरंच वाकावं लागलं. तिचा डावा हात त्याने घेतला आणि स्वतःच्या गालावर ठेवला.

आता तिचा एक हात इकडे होता आणि एक तिकडे. एका कपड्याच्या दोन बाह्या ती जुळवून बघायची, तसे ते दोन हात बरोबरीने फिरू लागले. गालाच्या खड्ड्यात दोन्ही एकदम उतरले. घडीवरून दोन्ही एकदम खाली आले. खांबाने डोळे मिटून घेतले होते. अंग आखडलं होतं, पण तो हलला नाही. दात गेलेल्या बाजूला दोन्ही हात आले आणि तिथेच राहिले. तिच्या तोंडून शब्द फुटेना, आणि खांबाच्या आठवणीत असं आधी कधीही झालेलं नव्हतं.

"कधी?" तिने शेवटी विचारलं.

"होत होत झालं," तो म्हणाला.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

बायको खाली बघत होती. ती रोज त्याच घरात होती आणि तिलाही कधी सुचलं नव्हतं. साडूने आपली टोपी काढून हातात घेतली होती, का ते त्याचं त्यालाच माहीत.

आईने उजवा हात आदिमानवावरून काढला आणि तोही खांबाच्या चेहऱ्यावर ठेवला. दोन्ही हात पुन्हा फिरू लागले. मग एकाएकी तिचे हात थांबले. काहीतरी तिच्या डोक्यात आलं होतं, आणि ते तिला आवडलेलं नव्हतं.

"तू जर एवढा झालास," ती हळूच म्हणाली, "तर माझं काय झालं असेल?"

तिने खांबाचा हात चाचपडत शोधला, पाठीमागे गेलेला तो नेहमीचा हात, आणि ओढून स्वतःच्या गालाशी आणला.

"बघ," ती म्हणाली. "आणि खरं सांग. मघासारखं नको."

खांबाने हात लावला. आईचा गाल त्याच्या तळव्याखाली कागदासारखा वाटला, इतका पातळ की खालचं हाड थेट हाताला लागलं. रोज समोर असलेला हा चेहरा आपण कितीतरी वर्षांत पाहिलेलाच नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने कपाळ बघितलं, मग पापण्या, मग हनुवटी. घाई केली नाही. आई मान वर करून, एखादं लहान मूल तोंड पुसून घ्यायला उभं राहतं तशी उभी होती.

"फार म्हातारी झालीस गं," तो म्हणाला.

आईने मान हलवली. मग शाल सावरली, त्याच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "चल घरी. आणि हळू चाल, दोघांनाही झेपायला हवं."